कपडा आधी टेबलावर

गडगडने शाळेच्या कारंज्यात साबण ओतला.

हे वाक्य तूर्त खोडून ठेवा. ते सिद्ध व्हायचंय.

पुढचं मात्र सगळ्या शाळेने खिडक्यांतून पाहिलं, त्यामुळे ते राहू द्यायला हरकत नाही. मंगळवारी मधली सुट्टी संपून वर्ग नुकते मार्गी लागले होते, तेवढ्यात अंगणातल्या कारंज्यातून पाण्याऐवजी फेस यायला लागला. आधी बोटभर, मग हातभर, आणि मग तो हौदाच्या काठावरून खाली उतरून मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या पायऱ्यांकडे निघाला, जसं काही त्याचं आत काम होतं. पायऱ्यांवर शिक्षण खात्याचे पाहुणे उभे होते. पाहुणे मागे सरले. फेस पुढे सरला. आणि फेसाच्या मधोमध, कमरेपर्यंत बुडालेली, डोक्यावर फेसाचा टोप घातलेली गडगड उभी होती आणि हसत होती.

हसत होती. सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

आरोपी

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. शाळेच्या बँडमध्ये ती मोठा ढोल वाजवायची. जिनाही ढोल वाजवल्यासारखाच उतरायची. तिने कुजबुज केली तरी शेजारच्या वर्गातल्या बाई शिकवता शिकवता थांबायच्या. बँडमास्तरांनी तिला गडगड म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की आईसुद्धा रागावली की तेच घ्यायची. खऱ्या नावाने हाक मारली तर घरात कुणी 'ओ' देत नसे.

घर म्हणजे लाँड्री. खाली दुकान, वर दोन खोल्या. खाली हॉटेलांचे टेबलक्लॉथ यायचे, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे पांढरे कपडे यायचे आणि कोर्टातले काळे कोट यायचे. सगळं धुऊन, पिळून, वाळवून, वाफेच्या इस्त्रीखालून काढून हँगरला लागायचं. गडगडचा अर्धा अभ्यास कोटांच्या रांगेखाली बसून झालेला होता.

बाबांची दुकानात एक पद्धत होती. एखादं गिऱ्हाईक तावातावाने आलं, "तुम्ही माझ्या कोटाची वाट लावलीत" म्हणालं, की बाबा होही म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. "कपडा आधी टेबलावर," एवढंच म्हणायचे. काउंटरच्या बाजूला एक पांढरं टेबल होतं आणि त्यावर खाली ओढता येणारा दिवा होता. कोट टेबलावर पसरायचा, दिवा खाली ओढायचा, गिऱ्हाइकाने आणि बाबांनी मिळून त्यावर वाकायचं, आणि मग काय ते बोलायचं. दोन डोकी एका दिव्याखाली आली की आवाज आपोआप खाली येतात, असा बाबांचा अनुभव. बहुतेक वेळा डाग लाँड्रीचा नसायचा. कधी असायचाही. मग बाबा म्हणायचे, "आमचा आहे," आणि कोट पुन्हा आत जायचा.

आता अशा घरातली मुलगी आणि फेसाने भरलेलं कारंजं. लाँड्रीवाल्याची पोर, साबण, फेस. गणितात कच्ची असलेली मुलंही या गणितात पास झाली. संध्याकाळपर्यंत तिचं आणखी एक नाव पडलं होतं: साबणवाली.

घरी आलेलं पत्र, जसंच्या तसं

"आपल्या पाल्याने शाळेच्या आवारात गंभीर गैरवर्तन केले असून त्याबाबतचा पुरावा कार्यालयाकडे उपलब्ध आहे. सदर विद्यार्थिनीने गैरवर्तन कबूल करून लेखी माफी मागितल्यास तिला गुरुवार व शुक्रवार घरी बसवण्यात येईल. अन्यथा गुरुवारपासून आठवडाभर निलंबित करण्यात येईल."

खाली मोठ्या बाईंची सही. सही छान होती.

आणि शनिवारी गावातल्या सगळ्या शाळांच्या बँडची स्पर्धा होती. म्हणजे हिशोब असा: कबूल केलं तर शनिवारी ढोल, नाही केलं तर शनिवारी घर. ढोलाला बदली वाजवणारा होता, नाही असं नाही. पण त्याने ढोल गळ्यात अडकवला की तो मागे दिसेनासा व्हायचा आणि ढोल एकटाच चालत येतोय असं वाटायचं.

वरच्या कोर्टाआधी खालचं

"सही करून टाक आणि विषय संपव," आई म्हणाली. तिच्यासमोर हॉटेलचा टेबलक्लॉथ होता आणि इस्त्री वाफ सोडत होती. "दोन दिवस घरी बस. मला मोजे जुळवायला माणूस हवंच आहे."

"मी साबण टाकलाच नाही तर कबूल काय करू?"

"मग आत हौदात काय करत होतीस?"

"फेस बंद करत होते."

"हसत हसत?"

"गुदगुल्या होत होत्या."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा एका कोटाची बटणं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई उगीच नाही लिहिणार. पुरावा आहे म्हणतायत."

"काय आहे पुरावा?"

"ते त्यांना माहीत."

गडगडने पत्र घेतलं, पांढऱ्या टेबलावर पसरलं आणि दिवा खाली ओढला. "या, वाका," ती म्हणाली. "परवा त्या हॉटेलवाल्याने केवढा आरडाओरडा केला, तरी तुम्ही म्हणालात, आधी टेबलावर. कोण कुठला हॉटेलवाला. त्याच्या टेबलक्लॉथला दिवा आणि मला नाही?"

बाबांच्या हातातलं बटण हातातच राहिलं. इस्त्री नुसतीच फुसफुसत राहिली, कारण आईही ती फिरवायची विसरली होती.

"हरकत," कोटांच्या रांगेतून आवाज आला.

तिघेही दचकले. दोन काळे कोट बाजूला झाले आणि मधून आत्याचं डोकं बाहेर आलं. आत्या वकील होती. आपला कोट न्यायला ती मघाशीच आली होती आणि रांगेत तो शोधत होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

"वन्सं, किती वेळ उभ्या आहात तिथे?" आईने विचारलं.

"कोट सापडेपर्यंत. दादा, ते पत्र दे इकडे." तिने ते दिव्याखाली वाचलं. "वा. काय केलं ते लिहिलेलं नाही. कशावरून म्हणतात तेही नाही. शिक्षा मात्र दोन मापांत दिलीये, शर्टासारखी. लहान पाहिजे की मोठी."

"वन्सं, ती शाळा आहे, कोर्ट नाही."

"म्हणूनच म्हणते, वहिनी. कोर्टात चोरालासुद्धा विचारतात, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे. शाळेत एका मुलीला विचारायला काय जातं?" मग ती गडगडकडे वळली आणि तिचा आवाज कोर्टातल्यासारखा सावकाश झाला. "ऐक. तुला घरी बसवायच्या आधी त्यांनी तुला सांगायला हवं, तू नेमकं काय केलंस म्हणतात. कशावरून म्हणतात ते दाखवायला हवं. तुझं म्हणणं ऐकायला हवं, आणि तुला कुणाला काही विचारायचं असेल, कुणाला बोलवायचं असेल, तर ते करू द्यायला हवं. घरातलं एक मोठं माणूस सोबत नेता येतं. आणि ज्याचा स्वतःचाच त्या भानगडीत हात आहे, त्याने निकाल द्यायला बसायचं नाही. हे सगळं तुमच्या शाळेच्या नियमपुस्तिकेतच छापलेलं असणार. कुणी वाचत नाही, एवढंच."

"गप्प बसायचा हक्क आहे का?"

"आहे. पण तो तुला पेलणार नाही."

आई हसली आणि पटकन इस्त्री उचलली. टेबलक्लॉथ वाचला.

"मी येते सोबत," आत्या म्हणाली. तिने आत्तापासूनच बाह्या सरसावल्या होत्या.

"नको," गडगड म्हणाली. "बाबा येतील."

"मी?" बाबा म्हणाले. "अगं, शाळेत पाऊल टाकलं की मला अजूनही वाटतं, आपला गृहपाठ राहिलाय."

"आत्या बोलली की बाई तिला उत्तर देतील. मला त्यांनी उत्तर द्यायला नकोय. मला त्यांनी बघायला हवंय."

आत्याने थोडा वेळ अपमान झाल्यासारखा चेहरा केला. मग तो उतरवला आणि कोट घातला.

बुधवार

आत्याने उत्तराचा मसुदा लिहून दिला होता. तो वाचताना बाबा मध्ये एकदा पाणी प्यायले. गडगडने त्यातलं बहुतेक सगळं काढलं आणि उरलेलं बाईंच्या टेबलावर ठेवलं: मी काय केलं म्हणता ते सांगा, कशावरून ते दाखवा, माझं ऐका, मग ठरवा.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आत्याने. पण पुस्तिका तुमचीच आहे, बाई."

बाई कपाटाशी गेल्या. वार्षिक अंकांच्या गठ्ठ्याखालून त्यांनी पुस्तिका ओढून काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि उभ्या उभ्या वाचली. शिस्तीच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. त्या कडक होत्या, पण छापलेल्या शब्दाला मान देणाऱ्या होत्या, विशेषतः तो त्यांनीच छापून घेतलेला असेल तर.

"उद्या अकरा वाजता," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत वर्गात बस. आणि फार बोलू नकोस."

बाहेर बँडमास्तरांनी तिला गाठलं. त्यांच्या हातात ढोलाच्या काठ्या होत्या. त्या ते कुणाला तरी देऊन टाकायला निघाल्यासारखे धरून उभे होते.

"कबूल कर गं माझे आई," ते म्हणाले. "माझ्यासाठी कर. माफी मी लिहून देतो. दोन प्रकारच्या लिहितो, तुला आवडेल ती घे."

"सर, मी नाही केलेलं."

"मला माहितीये. माझा विश्वास आहे तुझ्यावर. कबूल करून टाक."

तिने काठ्या हातात घेतल्या, भिंतीवर हलकेच दोन ठोके मारले आणि परत दिल्या. मनात मात्र सगळा दिवस एकच चाललं होतं. शनिवारी ढोल गळ्यात असेल, सगळं गाव बघत असेल, आणि लोक म्हणतील, ती बघा साबणवाली, स्वतःच कबूल केलंय तिने. तो ढोल कितीही जोरात वाजवला तरी त्याखाली हेच ऐकू येईल.

दुसरीकडून असंही चाललं होतं की ढोल नसेल तर काहीच ऐकू येणार नाही.

रात्री जेवताना ती एक शब्द बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवार: जे टेबलावर ठेवलं ते

मोठ्या बाईंच्या ऑफिसात एक रुंद टेबल, त्यामागे उंच पाठीची खुर्ची. खुर्चीमागच्या भिंतीवर जुन्या तुकड्यांचे फोटो आणि विजेची बटणं: घंटेचं, व्हरांड्यातल्या दिव्यांचं, कारंज्याच्या पंपाचं. टेबलापुढे मुलांसाठी एक बाक. त्यावर गडगड आणि बाबा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि बाकाच्या अगदी काठावर बसले होते. बँडमास्तर शिक्षकांच्या वतीने कोपऱ्यात होते. खिडकी उघडी होती आणि खिडकीबाहेर, फाटकापाशी, आपल्या स्कूटरवर एक वकील बसलेली होती. तिला आत यायची परवानगी नव्हती. कान यायला कुणाची ना नव्हती.

बाईंनी चष्मा लावला. "तू कारंज्यात साबण ओतलास. त्यामुळे सगळ्या शाळेचा तास बुडाला. आणि पाहुण्यांसमोर तू हसत होतीस. हे आमचं म्हणणं. आता तुझं सांग."

"साबण मी ओतला नाही. सरांनी मला काठ्या आणायला पाठवलं होतं, जाताना फेस दिसला. तो थांबवायला मी आत उतरले. हसले ते खरं आहे."

"साबण तू ओतलास याचा पुरावा आहे माझ्याकडे."

यावर आत्याने पढवलेलं एक लांबलचक वाक्य गडगडला म्हणायचं होतं. ते तिला आठवेना. ती तोंड उघडून बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. तेव्हा बाकाच्या काठावरून बाबांचा आवाज आला.

"बाई, कपडा आधी टेबलावर."

"कुठला कपडा?"

बाबा कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे... जो काही पुरावा असेल तो. दुकानातली सवय. माफ करा. पण ठेवा टेबलावर."

बाईंनी कपाट उघडलं आणि दोन बोटांत धरून एक रिकामी पिशवी आणली. कागदाची, जाड, तोंडाशी सुतळी, आणि मधोमध निळ्या शर्टाचं चित्र. लाँड्रीचा शिक्का. "कारंज्यामागच्या झुडपात सापडली," त्या म्हणाल्या.

बाबांनी न विचारता टेबलावरचा दिवा पुढे ओढला आणि वाकले. त्यांनी तसं वाकल्यावर बाईंनाही वाकावं लागलं. दोन डोकी एका दिव्याखाली आली.

"आमची आहे," बाबा म्हणाले.

गडगडने मान वळवून बाबांकडे पाहिलं. कोपऱ्यातून बँडमास्तर हळूच पुटपुटले, "संपलं."

"आमची आहे," बाबा पुन्हा म्हणाले, पण आता ते हसत होते. "पण ती घरात नव्हती. घरच्या कामाला आम्ही पोत्यातूनच साबणाची पावडर घेतो, पिशवी भरतच नाही. ही मी भरून दिली. तुमच्या माळीकाकांना. गेल्याच आठवड्यात, माझ्या हाताने. कुंड्या धुवायच्यात म्हणाले होते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"बाई, पिशवी आहे हे आत्ता कळलं."

खिडकीबाहेर स्कूटरचा हॉर्न अगदी चुकून वाजल्यासारखा वाजला.

बाई हळूच बसल्या. "माळी मंगळवारी सकाळपासून रजेवर आहेत," त्या म्हणाल्या. "आज दुपारी यायचेत."

"मग थांबू या," गडगड म्हणाली. तिचा आवाज परत आला होता, सगळाच्या सगळा. "त्यांना विचारल्याशिवाय कसं ठरवणार? मला शनिवारपर्यंत वेळ आहे."

थांबले

बाईंनी चहा सांगितला. बाबांनी तो बशीत ओतायचा की नाही यावर विचार केला आणि तोंड पोळून घेतलं. बँडमास्तर घड्याळाकडे बघत होते. गडगडची बोटं बाकावर आपोआप चालायला लागली. आधी हळू, मग जरा मोठ्याने, आणि बाईंचा पायही टेबलाखाली तालावर हलतोय हे फक्त तिला दिसलं. तिने ठेका सोडला नाही.

थांबून झाल्यावर

"आले, आले, चला आत, आधी इथे," बाहेरून आत्या कुणाला तरी ओढत आणत होती. दारात माळीकाका उभे राहिले. खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात मिठाईचा पुडा, आणि चेहरा पुड्यापेक्षा गोड.

"नात झाली," ते म्हणाले. "घ्या. बाई, आधी तुम्ही. सर, घ्या. पोरी, तू दोन घे."

साक्षीदाराकडून साक्षीआधी मिठाई घेणं नियमात बसत नाही, असं आत्या दारातून म्हणाली आणि तिने आपली घेतली.

मग माळीकाकांचं टेबलाकडे लक्ष गेलं. "अरे, ही पिशवी इथे होय? म्हटलं वाऱ्याने उडाली की काय."

"साबण तुम्ही टाकलात?" बाईंनी विचारलं.

"मी नाही तर कोण टाकणार? कुंड्या झाल्या, पावडर उरली, आणि हौदात हे एवढं शेवाळं धरलं होतं. म्हटलं दिवसभर भिजू दे, शाळा सुटली की घासू. तेवढ्यात जावयाचा फोन आला, आणि मग मला काही सुचलं नाही. तसाच पळालो." माळीकाका थांबले. कोण बाकावर आहे, कोण खुर्चीवर आहे, हे त्यांना आता दिसायला लागलं होतं. "पण बाई, पंप बंद करून गेलो होतो मी. साबण नुसता भिजला तर फेस कशाला होतोय? पंप लावला कुणी?"

आधी गडगडने पाहिलं. मग बाबांनी पाहिलं, मग बँडमास्तरांनी. सगळ्यांची नजर बाईंच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली, जिथे घंटेचं, दिव्यांचं आणि पंपाचं बटण होतं. शेवटी बाईंनीही खुर्ची वळवून पाहिलं, जणू ती भिंत त्यांना आज नवीन होती.

"मी लावला," बाई म्हणाल्या.

दारात आत्याने तोंड उघडलं. गडगडने तिच्याकडे पाहिलं. आत्याने, तिच्या वकिलीत बहुधा पहिल्यांदाच, ते नुसतंच मिटलं.

बाई उठल्या. "मग मी इथे बसणं बरोबर नाही," त्या म्हणाल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि बाकावर गडगडशेजारी बसल्या. बाबा घाईघाईने सरकले.

खुर्ची रिकामी झाली.

"माझ्याकडे बघू नका," बँडमास्तर म्हणाले. "मला ढोल हवाय."

"मी मुलीचा बाप," बाबा म्हणाले.

"माझ्या पँटला माती आहे," माळीकाका म्हणाले.

आत्याने घसा खाकरला, पण ती आरोपीची आत्या होती हे कुणी विसरलं नव्हतं. तेव्हा खुर्ची तशीच राहिली आणि त्यापुढचं सगळं रिकाम्या खुर्चीसमोर झालं. काही अडलं नाही.

"मला काही सांगायचंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गडगडकडे असं पाहिलं की ती परवानगी आहे हे तिला जरा उशिरा कळलं.

"सांगा ना, बाई."

"पाहुण्यांनी विचारलं, कारंजं चालतं का. मी म्हटलं, आत्ता दाखवते. बटण दाबलं आणि त्यांना घेऊन पायऱ्यांवर गेले. पुढचं तुम्ही पाहिलंतच. तू हौदात दिसलीस, पिशवी झुडपात दिसली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की मी पुढे कुणाला काही विचारलंच नाही. तुलाही नाही. विचारायला हवं होतं."

गडगडने मान डोलावली. तिला एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि ते काही तितकंसं सोयीचं नव्हतं. कारण तिचं स्वतःचंही एक राहिलं होतं. इथे गप्प बसता आलं असतं. तो हक्क होताच.

"बाई," ती म्हणाली. "माझा स्वेटर."

"काय त्याचं?"

"मी तो कारंज्याच्या तोंडात कोंबला. आमच्याकडे मशीनच्या दारातून फेस यायला लागला की आई जुना टॉवेल कोंबते. मला वाटलं, तसंच असेल. पण मशीनचं वेगळं असतं. पंप आधी गुरगुरला, मग वास आला, मग बंद पडला. तो मी जाळला. पत्रात ते लिहिलेलं नव्हतं, पण केलंय मी."

"आमचा आहे," बाबा हळूच म्हणाले, डागाबद्दल बोलावं तसं. पण त्यांचा हात तिच्या पाठीवर होता.

बाईंनी पत्र मागवून घेतलं, त्यावर "मागे घेतले" असं लिहिलं आणि खाली तीच छान सही केली. पंपाबद्दल असं ठरलं की इलेक्ट्रिशियन तो उघडून बघेल, आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर गडगड माळीकाकांबरोबर हौद घासेल. गडगडला हे मान्य होतं. तिला विचारलं होतं.

"आणि हसण्याचं काय?" बँडमास्तरांनी विचारलं. "तोही आरोप होता."

"हसण्याला कलम आहे का?" बाईंनी दाराकडे पाहिलं.

"नाही," आत्या म्हणाली.

"बरं झालं. पाहुणे गेल्यावर मी दार लावून घेतलं होतं."

पहिलं वाक्य

ते आता कायमचं खोडा. त्याच्या जागी असं लिहा: माळीकाकांनी साबण टाकला, मोठ्या बाईंनी पंप लावला, गडगडने स्वेटर कोंबला.

शुक्रवार

हौदातलं शेवाळं खरोखरच सुटलं होतं. माळीकाका नातीच्या नाकाचं वर्णन करत होते आणि गडगड ब्रशने ठेक्यात घासत होती. आई फाटकातून आली, तिच्या हातात घडी घातलेला स्वेटर होता. इलेक्ट्रिशियनने तो कारंज्याच्या तोंडातून चिमट्याने ओढून काढला होता आणि पंप दुरुस्त करून दिला होता. आईने त्याला धुऊन, ताणून, वाफ देऊन माणसात आणलं होतं. फक्त एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली होती.

"उद्या हाच घाल," आई म्हणाली. "ढोलाच्या बाजूला लांब हात बरा." मग तिने थोडा वेळ ब्रशकडे पाहिलं. "बरं झालं सही नाही केलीस ते. मोजे मी जुळवले."

हौद धुऊन झाला. माळीकाकांनी पाणी सोडलं. ते चढत चढत खुणेपर्यंत आलं. वर ऑफिसच्या खिडकीत मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात मागे भिंतीकडे गेलेला होता.

"लावू का पंप?" त्यांनी विचारलं.

माळीकाकांनी तोंड उघडलं, पण बाई त्यांना विचारत नव्हत्या.

गडगडने हौदावर वाकून पाहिलं. पाण्यात बोट बुडवून ते चोळून पाहिलं. मग कारंज्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. घाई करण्यासारखं काहीच नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली, आणि पलीकडच्या रस्त्यावर दोन माणसं थांबली.

खिडकीत बाई थांबल्या.